अडीचशे घोडे आणि दोन पिशव्या

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लेक ईरी या सरोवराच्या काठी पोर्ट क्लिंटन नावाचं छोटं गाव आहे. दर 31 डिसेंबरच्या मध्यरात्री तिथे 20 फूट लांबीचा, 600 पौंड वजनाचा फायबरग्लासचा मासा क्रेनने खाली उतरवतात आणि नव्या वर्षाचं स्वागत करतात. हा मासा म्हणजे वॉलआय. मोठ्या काचेरी डोळ्यांचा, काटे कमी आणि चव चांगली, त्यामुळे या सरोवरावर येणारा जवळजवळ प्रत्येक हौशी मासेमार त्याच्याच मागे असतो.

वसंत ऋतूत या गावातून सुटणाऱ्या बोटींपैकी एखादीबरोबर आत गेलं, तर जरा उलटाच प्रकार पाहायला मिळतो. मागे दोनशे-अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन, पुढे फेसाळत उसळणारी नाळ, आणि मासे असतील त्या जागी पोचायची घाई. जागा आली की इंजिन अगदी हळू करतात, एकेक करून गळ पाण्यात सोडतात, आणि मग बोटीच्या दोन्ही बाजूंनी जाड प्लॅस्टिकच्या कापडाची एकेक शंकूसारखी पिशवी दोराला बांधून टाकतात. इंजिन बोटीला पुढे ढकलत असतं आणि पिशव्या तिला मागे खेचत असतात. वेगासाठी हजारो डॉलर मोजायचे आणि तो वेग मारायला आणखी खर्च करायचा, हे पाहणाऱ्याला वेडेपणाचं वाटलं तर त्यात नवल नाही.

या पिशवीला तिकडे ट्रोलिंग बॅग म्हणतात. चालत्या बोटीमागे आमिषं ओढत मासे पकडायचे, त्याला ट्रोलिंग म्हणायचं. आपल्या किनाऱ्यावरचे ट्रॉलर तळावरून जाळं ओढतात, तो धंदाच निराळा. इथे पाण्यात असतात नुसत्या दोऱ्या, आणि त्यांच्या टोकाला एकतर लाकडाचा वा प्लॅस्टिकचा नकली मासा, नाहीतर गरगरणाऱ्या चकचकीत पात्यामागे ओवलेला गांडूळ.

नकली माशाची सगळी करामत त्याच्या डुलण्यात असते. फिनलंडचा मच्छीमार लाउरी रापाला याच्या लक्षात आलं होतं, की मोठे मासे कळपातल्या धडधाकट माशांना सोडून जो जायबंदी आहे, लंगडत पोहतो आहे, त्याच्यावरच तुटून पडतात. 1936 मध्ये त्याने बूच कोरून तसा डुलणारा मासा बनवला, आणि आज त्याच्या नावाची आमिषं जगभर विकली जातात. पण हे डुलणं वेगावर अवलंबून असतं. वेग फार कमी पडला तर नकली मासा काठीसारखा सरळ येतो. वेग जास्त झाला तर तो एका अंगावर कलंडतो किंवा स्वतःभोवती फिरत पृष्ठभागाकडे येऊ लागतो. मधल्या अरुंद पट्ट्यातच तो खरा वाटतो.

त्यात मासा थंड रक्ताचा. बर्फ वितळून गेल्यावर मार्च-एप्रिलमध्ये वॉलआय अंडी घालायला टोलेडोजवळच्या मॉमी नदीसारख्या ठिकाणी गोळा होतो, तेव्हा पाण्याचं तापमान जेमतेम पाच-सात अंश असतं. अशा गारठ्यात त्याचं शरीरच मंद चालतं. ताशी एक-दीड मैलाने, म्हणजे दोन-अडीच किलोमीटरने सरकणारं आमिष तो गाठतो. तीन मैलांनी गेलेल्या आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की हाच मासा दोन-अडीच मैलांच्या आमिषामागे धावतो. गांडुळाचा गळ मात्र बाराही महिने हळूच ओढावा लागतो. अर्ध्या मैलाच्या फरकाने दिवस रिकामा जाऊ शकतो, असं तिथले लोक सांगतात, आणि या बाबतीत ते फार अतिशयोक्ती करत नसावेत.

मग इंजिन आणखी हळू का करत नाहीत? कारण ते त्याहून हळू होतच नाही. मोठं आउटबोर्ड इंजिन कमीत कमी मिनिटाला 600-700 फेऱ्यांवर चालतं. त्याखाली बंद पडतं. पंख्याची एक फेरी व्हायला इंजिनाच्या साधारण दोन फेऱ्या लागतात, म्हणजे पंखा मिनिटाला 350 वेळा फिरतो. वेगवान बोटीला लावलेला 19 इंची पिचचा पंखा दर फेरीला, न घसरता चालला तर, 48 सेंटिमीटर पुढे सरकेल. गुणाकार केला की ताशी 10 किलोमीटर निघतात. प्रत्यक्षात पंखा पाण्यात भरपूर घसरतो आणि बोटीचं वजनही आड येतं. तरी अशा कितीतरी बोटी गिअरमध्ये टाकल्या की ताशी तीन मैलांच्या आसपास चालतच राहतात. वारा मागून असेल तर चार.

यावर उपाय अनेक आहेत. दोन इंजिनं असतील तर एक बंद करायचं. मोठ्या इंजिनाशेजारी 9.9 अश्वशक्तीचं छोटं इंजिन बसवायचं. हा सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत महागड्या उपायांपैकी एक. पंख्यामागे बिजागरीवर लोखंडी फळी बसवून पाण्याचा झोत अडवायचा. मोठ्या डिझेल बोटींच्या गिअरबॉक्समध्ये क्लच मुद्दाम घसरू देणारा झडपेचा जोड मिळतो. विजेवर चालणारी मोटर आहेच. 1934 साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट याने ती सुरू केली आणि मिनेसोटा-डकोटाच्या सीमेवरून तिचं नाव मिन कोटा ठेवलं. आणि ज्यांना यातलं काहीच परवडत नाही ते भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बादली दोरीला बांधून पाण्यात सोडतात. बादली चालते, पण कडी तुटते.

ट्रोलिंग बॅग ही त्या बादलीचीच सुधारलेली आवृत्ती. रुंद तोंडाने पाणी आत घ्यायचं आणि शेपटीकडच्या लहान भोकातून थोडं थोडं सोडायचं, इतकंच तिचं काम. तरीही छोटं इंजिन विकत घेण्याची ऐपत असलेले लोकही ती का वापरतात, याचं उत्तर पाण्याच्या एका गुणधर्मात आहे.

पाण्यातून ओढलेल्या वस्तूवरचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 24 इंच, म्हणजे 61 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाची पिशवी घेऊन ढोबळ हिशेब केला, तर ताशी दोन मैलांना ती सुमारे 15 किलो वजनाइतक्या जोराने मागे खेचते. तीन मैलांना हा जोर 35 किलोच्या घरात जातो. चार मैलांना 60 किलो. वेग दुप्पट, ओढ चौपट. उलट वेग एक मैलावर आला की ती चार किलोच्याही खाली येते आणि पिशवी जवळजवळ नसल्यासारखी होते.

याचा परिणाम असा, की पिशवी बोटीला सरसकट सारखी अडवत नाही. बोट पळू लागली की घट्ट धरते आणि मंदावली की सैल सोडते. लेक ईरीवर याचं महत्त्व फार आहे. पाच महासरोवरांत ते सगळ्यांत उथळ. सरासरी खोली 19 मीटर, आणि वॉलआयसाठी प्रसिद्ध असलेल्या पश्चिम भागात तर सात-आठ मीटरच. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक येतात. मागून आलेली प्रत्येक लाट बोटीला उचलून पुढे फेकते आणि मग खळग्यात सोडून देते. वेगदर्शक सरासरी दोन मैल दाखवत असला, तरी आमिष एका क्षणी साडेतीन मैलांनी धावत असतं आणि पुढच्या क्षणी लटकून पडलेलं असतं. छोट्या इंजिनाने सरासरी कमी होते. हा धक्का तसाच राहतो. पिशवी नेमका तो धक्का खाते.

सरोवरावरचा मासेमार गिअर सारखा टाकत-काढत वेग का सांभाळत नाही, याचंही उत्तर यातच आहे. एकदोन दोऱ्या असतील तर तसं करता येतं. पण ईरीवरच्या भाड्याच्या बोटीमागे कधी कधी डझनभर दोऱ्या असतात. त्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून पाण्यात तरंगणाऱ्या लहान फळ्यांना लावून डावीउजवीकडे तीस-तीस मीटर फाकवलेल्या असतात. बोट थांबत-थांबत चालली की फळ्या मागे सरतात, आमिषं खोलीवरून ढळतात आणि पुढचा अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो.

इंधन वाया जातं का? जातं, पण किती ते पाहण्यासारखं आहे. दोन पिशव्यांची मिळून 30 किलोची ओढ ताशी दोन मैलांच्या वेगाने वाहून न्यायला साधारण 270 वॅट लागतात. स्वयंपाकघरातला मिक्सर याच्या दुप्पट शक्ती घेतो.

पिशवी विकत घेताना लोक बहुतेक वेळा बोटीची लांबी सांगून मोकळे होतात. लांबी हा सुरुवातीचा अंदाज झाला. 18 ते 22 फुटांच्या बोटीला 24 इंचांच्या आसपासची जोडी आणि त्याहून मोठ्या बोटीला 30 इंच किंवा जास्त, असं साधारण चालतं. पण खरा प्रश्न असा, की पिशवी नसताना बोट गिअरमध्ये टाकली तर किती वेगाने जाते आणि तुम्हाला कितीवर आणायची आहे. एक मैल कमी करायचा आहे की दोन, यावर आकार ठरतो. आकार निवडताना व्यासापेक्षा क्षेत्रफळाकडे पाहावं. 24 आणि 30 इंचांत दिसायला सहाच इंचांचा फरक, पण तोंडाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं आणि ओढही तेवढीच. शंका असेल तर मोठी घ्यावी, या दुकानदारी सल्ल्यातही थोडं तथ्य आहे: पिशवीने वेग गरजेपेक्षा कमी झाला तर इंजिन थोडं वाढवता येतं, आणि थोड्या जास्त फेऱ्यांवर चालणारं इंजिन बोटीला वळवायलाही बरं पडतं. पिशवी लहान पडली तर मात्र करण्यासारखं काही उरत नाही. अर्थात ही मोठी पिशवी शेवटी हातानेच बोटीवर ओढायची आहे, हे दुकानदार सांगत नाही.

कापडावर कंजुषी करू नये. वाऱ्याबरोबर वाहत जाणारी बोट हळू करायला पातळ नायलॉनच्या पिशव्या मिळतात. त्या स्वस्त असतात, घडी लहान होते, आणि ज्या कामासाठी बनवल्या आहेत त्यासाठी उत्तम असतात. चालत्या इंजिनापुढे त्या फडफडतात आणि शिवणीत फाटतात. ट्रोलिंगची पिशवी व्हिनाइल चढवलेल्या पॉलिस्टरची असते, ट्रकवरच्या ताडपत्रीच्या जातीची. तिला तोंडापासून शेपटीपर्यंत नायलॉनचे रुंद पट्टे शिवलेले हवेत, म्हणजे ओढ कापडावर न येता पट्ट्यांवर येते. तोंडाच्या वरच्या कडेला तरंगणारा फोम आणि खालच्या कडेला शिशाचं वजन असेल तर पिशवी पाण्यात पडताच स्वतःहून उघडते. हा फोम दुसऱ्या एका कारणासाठीही लागतो: बोट थांबली तर पिशवी खाली बुडून पंख्याकडे जाऊ नये. दोर आणि पिशवी यांच्यामध्ये फिरती कडी नसेल तर दिवसभरात दोराला इतका पीळ बसतो की तो सोडवता सोडवता संध्याकाळ होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: ती बांधायची कुठे. बोटीच्या मध्यावर किंवा त्याहून थोडं पुढे, दोन्ही काठांना एकेक. दोर इतकाच लांब, की पिशवी बोटीच्या कुशीला राहील आणि पूर्ण ताणली तरी तिचं शेपूट पंख्यापर्यंत पोचणार नाही. हे बंदरात, इंजिन बंद असताना मोजून पाहावं आणि दोरावर खूण करून ठेवावी. दोन पिशव्यांमुळे आणखी एक फायदा होतो. उंच केबिनच्या बोटीची नाळ वारा सहज एका बाजूला वळवतो. पुढून धरलेल्या दोन पिशव्या तिला बऱ्यापैकी सरळ ठेवतात. वारा आडवा असेल तर काही जण वाऱ्याकडच्या बाजूला मोठी आणि दुसरीकडे लहान पिशवी लावतात. एकच पिशवी एका बाजूला टाकली तर बोट सतत त्या बाजूला वळू पाहते आणि सुकाणूवरचा माणूस दिवसभर तिच्याशी भांडत बसतो.

पिछाडीला पिशवी बांधणं हा मोह अनेकांना होतो, कारण खुंटे तिथे हाताशी असतात. लहान मासेमारी बोटीसाठी ही धोक्याची गोष्ट आहे. पिछाडी मुळात बुटकी. तिच्यावर इंजिनाचं वजन. बहुतेक वेळा माणसंही तिथेच उभी. त्यात पिशवीने ती खाली आणि मागे खेचली, की मागून येणारी लाट बोटीच्या आत येते. ईरीच्या आखूड लाटा दुसरी संधी द्यायला थांबत नाहीत.

दुसरा नेहमीचा अपघात म्हणजे पिशव्या पाण्यात आहेत हे विसरून इंजिन सुसाट सोडणं. परत निघायची घाई असते, मासे मिळालेले असतात, गप्पा चाललेल्या असतात. वेगाच्या वर्गाचा तोच नियम इथे उलटतो: ताशी 20 मैलांना हिशेबाने दीड टनाची ओढ निघते. ती प्रत्यक्षात कधीच येत नाही, कारण त्याआधी दोर, पिशवी किंवा बोटीच्या काठातला खुंटा, यांतलं काहीतरी उपटलेलं असतं. खुंटा निघाला तर तो दोराबरोबर कुठल्या दिशेने उडेल ते सांगता येत नाही. म्हणून जाणते कप्तान इंजिनाच्या दांड्याला रंगीत चिंधी बांधून ठेवतात. पिशव्या आत आल्याशिवाय ती सोडायची नाही.

पिशवी आत घेणं हे अंगमेहनतीचं काम आहे, पण एक सोय आहे. शेपटीला दुसरी सैल दोरी बांधलेली असते. ती ओढली की पिशवी उलटी होते, पाणी बाहेर पडतं आणि रिकामं कापड वर येतं. मोठा मासा गळाला लागून बोटीकडे येऊ लागला तरी हीच दोरी कामी येते, नाहीतर तो नेमका पिशवीच्या दोराभोवती फेरी मारतो. हाताशी एक धारदार सुरी ठेवावी. पंख्यात दोर गेलाच तर विचार करायला वेळ नसतो.

महासरोवरांवर हा सगळा खटाटोप वाढला त्याला इतिहास आहे. लेक मिशिगनमध्ये समुद्रातून आलेल्या एलवाइफ नावाच्या लहान माशाने उच्छाद मांडला होता. 1967 मध्ये तो इतका मेला की किनाऱ्यांवर खच पडला. त्याला खाणारा मासा हवा म्हणून मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे हॉवर्ड टॅनर यांनी त्याच्या एक वर्ष आधीच, 1966 मध्ये, पॅसिफिकचा कोहो सामन या सरोवरात सोडला. सामन फोफावला आणि त्याच्यामागे भाड्याच्या बोटींचा अख्खा धंदा उभा राहिला. या बोटी समुद्रात चालतील एवढ्या दणकट, त्यांची इंजिनंही तशीच. सामनला दोन ते तीन मैलांचा वेग चालतो, तरी मागून वारा असला की त्यांनाही पिशव्या टाकाव्याच लागतात.

पाण्यात कापड टाकून बोट धरून ठेवण्याची कल्पना अर्थातच या सरोवरांची नाही. कॅप्टन जॉन व्हॉस 1901 ते 1904 या काळात झाडाच्या खोडातून कोरलेल्या टिलिकम नावाच्या होडीला शिडं लावून कॅनडाच्या व्हिक्टोरियाहून इंग्लंडपर्यंत गेला. वादळात तो नाळेवरून कापडी समुद्री नांगर टाकून होडीचं तोंड लाटांकडे ठेवायचा. 1979 मध्ये फास्टनेट शर्यतीत वादळाने 15 स्पर्धकांचा बळी घेतल्यावर डोनाल्ड जॉर्डन या विमान अभियंत्याने एका मोठ्या शंकूऐवजी लांब दोरावर शंभराहून जास्त चिमुकले शंकू शिवले. लाट कुठेही असो, त्यांतले काही तरी पाणी धरून असतात. जॉर्डनचा हा दोर मात्र पिछाडीवरूनच सोडतात, कारण तो बंद डेकच्या, शिडाच्या मजबूत बोटींसाठी आहे. दोन्ही गोष्टी मासे पकडण्यासाठी नव्हत्या, जीव वाचवण्यासाठी होत्या.

वसई-वर्सोव्याच्या कोळ्यांना शंकूच्या तोंडावर येणाऱ्या या जोराची ओळख वेगळ्या बाजूने आहे. त्यांची बोंबील-जवळ्याची डोल हीदेखील तोंडाशी रुंद, शेपटीशी निमुळती पिशवी. फक्त तिथे पिशवी जागच्या जागी असते आणि भरती-ओहोटीचं पाणी चालत असतं. भरतीची ओढ वाढली की डोल धरून ठेवणाऱ्या खुंटांवर आणि दोरांवर किती ताण येतो, हे त्यांना वर्गाचं सूत्र न मांडताही माहीत असतं.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर बोटीमागे आमिष ओढून मासे पकडणारेही आहेत, पण त्यांना ट्रोलिंग बॅग विकायला कुणी जाऊ नये. सुरमई हा झडप घालणारा, सुसाट मासा. तिच्यासाठी आमिष ताशी पाच-सहा सागरी मैलांनी ओढतात. तिथे अडचण असलीच तर वेग टिकवण्याची, मारण्याची नाही.

एक सावधगिरी ईरीवरच्या अनुभवी लोकांकडूनही सुटते. जीपीएस बोटीचा वेग जमिनीच्या तुलनेत सांगतो. आमिषाला त्याच्याशी देणंघेणं नसतं. सरोवरातही प्रवाह असतात, आणि खालचा प्रवाह कधी कधी वरच्याच्या उलट वाहतो. पडद्यावर दोनचा आकडा स्थिर असताना एका दिशेला मासे मिळतात आणि त्याच रेषेवर परत येताना एकही नाही, असं झालं तर दोष बहुधा पिशवीचा नसतो. अशा वेळी पाण्याच्या तुलनेत वेग मोजणारं यंत्र नसेल, तर गळाच्या काठीचं थरथरणारं टोक पाहून आमिष किती जोरात डुलतंय याचा अंदाज घेणं हाच मार्ग.

दिवस संपल्यावर पिशवी ओली गुंडाळून खणात कोंबणं सोपं असतं आणि नेमकं तेच करायचं नसतं. बुरशीमुळे शिवण कुजते, हे एक. दुसरं जास्त गंभीर आहे. 1988 मध्ये ईरीच्या जवळच असलेल्या लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून ते युरोपातून आले होते. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कापडाच्या ओल्या घडीत ती सहज एका सरोवरातून दुसऱ्यात जातात. म्हणून तिकडच्या राज्यांचे मत्स्यविभाग बोटवाल्यांना सगळं सामान धुऊन, निथळून, पूर्ण वाळवून मगच दुसऱ्या पाण्यात न्यायला सांगतात, आणि पाणी धरून ठेवण्यासाठीच बनवलेल्या या पिशवीला वाळायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.